गुदाशयाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर पोटावर पिशवी का लावतात, आणि ती निघाल्यावर पुढे काय होतं

"गाठ पूर्ण निघाली म्हणता, मग ही पोटावर पिशवी कशाला?" गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं की घरचे सगळ्यात आधी हेच विचारतात, आणि विचारताना मनात भीती असते की डॉक्टर काहीतरी लपवतायत, कॅन्सर आत राहिलाय म्हणून बाहेरून वाट काढून दिलीये. तसं नसतं. बऱ्याच पेशंटांची ही पिशवी काही महिन्यांपुरती असते आणि तिचा संबंध गाठीशी नसतोच, गाठ काढल्यावर आतड्याची जी दोन टोकं जोडली त्या जोडाशी असतो. मी स्टोमाच्या, म्हणजे पोटावर आतड्याचं तोंड काढलेल्या पेशंटांबरोबर काम करते आणि मला मनापासून वाटतं की हे सगळं ऑपरेशनच्या आधी, घाई न करता, साध्या मराठीत कुणीतरी सांगायला हवं, म्हणून सविस्तर लिहितेय.

गुदाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा साधारण १५ सेंटिमीटरचा भाग. शौच साठवून ठेवायचं आणि जायची वेळ झाली की आपल्याला जाणीव करून द्यायची हे त्याचं काम. पूर्वी इथली गाठ खाली असली की गुदद्वारासकट सगळं काढून कायमची पिशवी द्यायचे. १९८२ मध्ये इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या बिल हील्ड या सर्जननी गुदाशय त्याच्या भोवतीच्या चरबीच्या आवरणासकट, आवरण न फाडता काढायची पद्धत मांडली, तिला टीएमई म्हणतात. त्याने गाठ परत येण्याचं प्रमाण खूप कमी झालं. त्यातच आतडं जोडणारी गोल स्टेपलर मशीन आली, त्यामुळे अगदी गुदद्वाराच्या जवळसुद्धा जोड करता यायला लागला आणि अनेकांची कायमची पिशवी टळली.

पण जोड जेवढा खाली तेवढा तो नाजूक. त्या चरबीच्या आवरणातूनच रक्तवाहिन्या आलेल्या असतात, आवरण काढलं की खालच्या टोकाला रक्त कमी मिळतं. जागा अरुंद, त्यातून पुरुषांचं ओटीपोट बायकांपेक्षा जास्तच अरुंद, सर्जनला हात आणि मशीन नीट फिरवायला मिळत नाही. आधी लाइट (रेडिएशन) दिलेले असतील तर तिथली कातडी, पेशी सगळंच भरून यायला वेळ घेतं. पेशंट तंबाखू-सिगारेटवाला असेल, शुगर वाढलेली असेल, वजन उतरून अंगात प्रोटीन राहिलं नसेल, स्टिरॉइड चालू असेल, तर आणखी भर. आणि जोड भरून यायच्या आधीच सुटला, म्हणजे ज्याला डॉक्टर लीक म्हणतात ते झालं, तर शौच ओटीपोटात उतरतं, इन्फेक्शन पसरतं, ताप, नाडी जोरात, पोट कडक, आणि पेशंटला रातोरात परत ऑपरेशनला घ्यावं लागतं. हे बहुतेक करून पहिल्या आठवड्याच्या आसपास होतं. काहींचा जीव जातो. जे वाचतात त्यांची किमो लांबते, जोड आकसतो, आतडं पुढे नीट काम करत नाही.

शेतात पाटाचा बांध फुटला की आपण आधी वरच्या अंगाला पाणी दुसरीकडे वळवतो आणि मग बांध लिंपतो, ओली माती वाहत्या पाण्यात टिकत नाही म्हणून. संरक्षक स्टोमाचं काम तेच आहे. जोडाच्या बरंच वर आतड्याचा एक वळसा पोटाच्या बाहेर काढून तिथे तोंड करून देतात, शौच तिथूनच पिशवीत पडतं, आणि खालचा जोड रिकामा, कोरडा राहून भरून येतो.

आता इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण यातच लोकांचा गैरसमज होतो. पिशवी लावली म्हणजे जोड सुटणारच नाही अशी गॅरंटी नाही. जोड भरणं न भरणं हे रक्तपुरवठा, ताण, पेशंटची तब्येत यावर असतं. पिशवी असली की काय होतं, तर जोडाला लहानसं भोक पडलं तरी तिथून वाहायला फारसं काही नसतं, बऱ्याचदा अँटिबायोटिकवर किंवा एखादी नळी घालून निभावतं, परत पोट उघडायची वेळ कमी येते. स्वीडनमध्ये २१ हॉस्पिटलांनी मिळून यावर एक मोठा अभ्यास केला, तो २००७ मध्ये छापून आला. खाली जोड केलेले २३४ पेशंट, निम्म्यांना पिशवी, निम्म्यांना नाही, आणि कुणाला कुठलं ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेलं. पिशवीवाल्यांमध्ये त्रास देणारा लीक १०.३ टक्क्यांना झाला, बिनपिशवीवाल्यांमध्ये २८ टक्क्यांना. तातडीने परत ऑपरेशन ८.६ टक्के विरुद्ध २५.४ टक्के. आणि मला यातली सगळ्यात बोलकी वाटते ती पुढची गोष्ट, साधारण साडेतीन वर्षांनी बघितलं तर ज्यांना सुरुवातीला पिशवी दिलीच नव्हती त्यांच्यातल्या जवळपास १७ टक्के लोकांच्या पोटावर पिशवी होती, आणि पहिल्यापासून दिलेल्यांमध्ये जवळपास १४ टक्क्यांच्या. म्हणजे पिशवी टाळली म्हणून ती टळतेच असं नाही, लीक झाला की तीच पिशवी जास्त वाईट परिस्थितीत येते.

तरीही ती सगळ्यांना लागते असं अजिबात नाही. गाठ वरच्या भागात असेल, जोड वर झाला असेल, लाइट दिलेले नसतील, तर बरेच सर्जन पिशवी देत नाहीत आणि ते बरोबरच आहे, कारण पिशवीचे स्वतःचे त्रास आहेत. पुष्कळदा शेवटचा निर्णय ऑपरेशन टेबलवरच होतो. जोड झाल्यावर ओटीपोटात पाणी भरतात आणि खालून हवा सोडतात, बुडबुडे आले की जोड कुठेतरी उघडा आहे हे कळतं. मशीनने कापलेल्या आतड्याच्या दोन गोल चकत्या बाहेर येतात, त्या अखंड आहेत का ते बघतात. म्हणून संमतीच्या कागदावर "गरज पडल्यास स्टोमा" असं लिहिलेलं असतं. सही करायच्या आधी त्या ओळीवर बोट ठेवून विचारा, माझ्या बाबतीत गरज पडायची शक्यता किती, तात्पुरती की कायमची, आणि बंद करायचं साधारण कधी धरून चालू.

स्टोमा दोन प्रकारे करतात. लहान आतड्याच्या शेवटाला केला तर इलिओस्टोमी, बहुतेक उजव्या बाजूला बेंबीच्या खाली. मोठ्या आतड्याचा केला तर कोलोस्टोमी. संरक्षक म्हणून सध्या जास्त करून इलिओस्टोमीच करतात, वास कमी, बंद करायला तुलनेने सोपी. तिची अडचण वेगळी आहे, पाण्याची, ती पुढे सांगते. इलिओस्टोमीचं तोंड चोचीसारखं दोनेक सेंटिमीटर वर काढलेलं असतं, ते बघून लोक दचकतात, पण ते मुद्दाम आहे. लहान आतड्यातून येणाऱ्या पातळ शौचात पाचक रस असतात, ते कातडीला लागले की कातडी सोलवटते, म्हणून तोंड उलटून वर ठेवायचं की माल थेट पिशवीत पडेल. ही युक्ती १९५२ मध्ये बर्मिंगहॅमच्या ब्रायन ब्रुक यांनी लिहिली आणि आजही तशीच करतात.

स्टोमाची जागा ऑपरेशनच्या आधी मार्करने खूण करून ठरवायची असते. प्लीज, हे झालंय की नाही ते विचारा. झोपवून खूण केली तर उपयोग नाही, पेशंटला उभं करायचं, बसवायचं, वाकवायचं, पोटाला घडी कुठे पडते ते बघायचं. बायकांना परकर नेसून यायला सांगायचं, पुरुषांना लेंगा किंवा बेल्ट, कारण नाडी जिथे बसते त्याच रेषेवर स्टोमा आला तर रोज नाडी घासते, पिशवी दबते आणि प्लेट, म्हणजे पिशवीचा कातडीला चिकटणारा भाग, सुटते. ज्या बाईने चाळीस वर्षं नाडी एकाच जागी बांधलीये तिला "आता वर बांधा" म्हणणं सोपं आहे, तिला जमवणं अवघड जातं. शिवाय खूण पेशंटला स्वतःला मान खाली घालून दिसली पाहिजे, सुटलेल्या पोटाच्या खाली गेली तर तो स्वतः बदलू शकत नाही आणि कायम कुणावर तरी अवलंबून राहतो.

पहिल्यांदा स्टोमा बघताना मन घट्ट करावं लागतं हे खरं. लाल, ओला, ओठाच्या आतल्या बाजूसारखा दिसतो. त्याला वेदनेची जाणीव नसते, हात लावला तर दुखत नाही. पुसताना रक्ताचा एखादा ठिपका कापसावर येतो, तेवढं चालतं. काळा, जांभळा पडला किंवा रक्त थांबेना तर लगेच डॉक्टर.

पिशवी बदलणं शिकायला आठवडाभर लागतो, मग सवय होते. जुनी प्लेट वरून खाली, कातडी दुसऱ्या हाताने दाबत हळू सोलायची, ओढायची नाही. कोमट साध्या पाण्याने पुसायचं, डेटॉल नको, तेलकट साबण नको, खोबरेल तर अजिबात नको कारण प्लेट चिकटणारच नाही. कातडी पूर्ण कोरडी झाली की नवीन प्लेटला भोक कापायचं, स्टोमापेक्षा २-३ मिलिमीटर मोठं, जास्त नाही. आणि इथे बहुतेक घरांत एक चूक होते, हॉस्पिटलमधून सोडताना जे माप दिलं त्याच मापाचं भोक लोक महिनोन्महिने कापत राहतात. स्टोमाची सूज पहिल्या सहा-आठ आठवड्यांत उतरते, तो लहान होतो, भोक मोठं राहतं, मधली कातडी उघडी पडते आणि जळते. दर आठवड्याला परत मोजा. प्लेट लावल्यावर हाताचा तळवा त्यावर मिनिट-दोन मिनिटं धरून ठेवायचा, अंगाच्या उबेने ती नीट बसते. दर तीन-चार दिवसांनी बदलायची, उन्हाळ्यात घामाने लवकर सुटते. पिशवी एक तृतीयांश ते अर्धी भरली की रिकामी करायची, काठोकाठ भरेपर्यंत थांबलं तर वजनाने प्लेट ओढली जाते. प्लेटखाली खाज, आग होत असेल तर ती वेळ झाली नाही म्हणून दाबून ठेवू नका, काढा आणि बघा, खाली माल शिरलेला असतो.

आता पाण्याचं. इलिओस्टोमीमध्ये जो खरा धोका आहे तो हा, आणि डिस्चार्जनंतर लोक परत ॲडमिट होतात ते सगळ्यात जास्त याच कारणाने. मोठं आतडं रोज लिटर-दीड लिटर पाणी आणि त्यातलं मीठ परत शोषून घेत असतं. इलिओस्टोमीत ते वापरातच नसतं, म्हणून पाणी आणि मीठ दोन्ही पिशवीत जातं. सुरुवातीला दिवसाला लिटर-सव्वा लिटर येतं, नंतर ५०० ते ८०० मिलिलिटरच्या आसपास स्थिरावतं. दीड लिटरच्या वर जायला लागलं की गडबड आहे. एक लिटर मालाबरोबर साधारण पाच-सहा ग्रॅम मिठाएवढं सोडियम जातं, म्हणजे भरून एक चमचा मीठ. आणि आपल्याकडे लगेच सल्ला मिळतो, पाणी भरपूर प्या. पेशंट बिचारा तांब्यावर तांबे साधं पाणी पितो, चहा पितो, नारळपाणी पितो, आणि पिशवी अजून जोरात वाहते. कारण साध्या पाण्यात मीठ नसतं, ते लहान आतड्यात गेलं की आतडं स्वतःचं मीठ त्यात सोडतं आणि मग ते सगळंच बाहेर पडतं. पिशवी जास्त वाहत असेल तेव्हा साधं पाणी कमी करायचं आणि त्या जागी ओआरएस, थोडं थोडं, दिवसभर. टेट्रापॅकमधली गोड एनर्जी ड्रिंक म्हणजे ओआरएस नव्हे, पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या फॉर्म्युल्याचं आहे का ते वाचून घ्या आणि पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवा. मीठ घातलेली भाताची पेज आणि मीठ घातलेलं ताक ही आपली घरातली चांगली मदत आहे. बीपी किंवा हार्टमुळे मीठ बंद असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा, आणि बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर ते चालू ठेवायचं का हेही विचारा, कारण अंगातलं पाणी आधीच चाललंय.

घरात एक मापाचं भांडं आणि एक वही ठेवा. पहिले काही आठवडे रोज किती माल आला, लघवी किती आणि कसल्या रंगाची, वजन किती, एवढं लिहा. उभं राहिल्यावर चक्कर, रात्री पायात गोळे, तोंड कोरडं, लघवी गडद आणि कमी, ही लक्षणं एकत्र आली तर उद्या बघू म्हणू नका, किडनीवर यायला दोन-तीन दिवस पुरतात. रक्तातलं सोडियम नॉर्मल येतं तेव्हाही लघवीतलं सोडियम खूप खाली गेलेलं असू शकतं, ती साधी लघवीची तपासणी डॉक्टर सांगतात ती यासाठी. लोपेरामाइडची (आतड्याचा वेग कमी करणारी) गोळी दिली असेल तर ती जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायची, जेवणानंतर घेऊन फारसा फायदा होत नाही. आणि कुठलीही गोळी पिशवीत अख्खीच्या अख्खी दिसली तर सांगा, उशिरा विरघळणाऱ्या गोळ्या इलिओस्टोमीत तशाच बाहेर पडतात. नागपूर-चंद्रपूरकडचा एप्रिल-मे असेल तर हे सगळं दुप्पट काळजीने. निर्जळी उपवास या काळात करू नका, देवाला चालतं, वारकरी घरातल्या आजींना मी हे हात जोडून सांगते आणि त्या ऐकतात.

खाण्याचं फार अवघड नाही. पहिले काही आठवडे मऊ भात, वरण, इडली, केळं, बटाटा, अंडं, मऊ मासे. चोथ्याचं आणि तंतूचं जपून, मका, मशरूम, खोबरं, शेंगदाणे, संत्र्याचा चोथा, शेवग्याच्या शेंगा, पालेभाजीचे देठ, हे न चावता गेलं तर तोंडाशी बोळा बसतो. पिशवी अचानक कोरडी पडली, पोटात कळा यायला लागल्या, उलटी झाली तर आतडं अडकलंय असं धरून हॉस्पिटल गाठा. बीट खाल्लं की पिशवीत लाल दिसतं, ते रक्त नव्हे, हे आधीच माहीत असलेलं बरं.

पिशवी असतानाही खालून, नेहमीच्या जागेतून, चिकट आव पडते आणि शौचाला आल्यासारखं वाटतं. लोक घाबरतात, जोड फुटला म्हणतात. खालचं आतडं रिकामं असलं तरी जिवंत आहे, त्याचा चिकटा तयार होतच असतो, संडासात बसून हलकेच बाहेर जाऊ द्यायचा, जोर करायचा नाही. पू, घाण वास, ताप किंवा ओटीपोटात दुखणं असेल तर मात्र दाखवा.

देवघरात जाऊ का, स्वयंपाक करू का, नातवाला मांडीवर घेऊ का, हे प्रश्न दबक्या आवाजात येतात आणि मला दरवेळी वाईट वाटतं की ते विचारावे लागतात. जा, करा, घ्या. नीट बसलेल्या पिशवीतून वास बाहेर येत नाही. १९५४ मध्ये डेन्मार्कच्या एलिस सोरेन्सेन या नर्सने आपल्या बहिणीसाठी चिकटणाऱ्या, वापरून टाकायच्या पिशवीची कल्पना काढली, कारण स्टोमा झाल्यावर ती बहीण घराबाहेर पडायलाच तयार नव्हती. आज आपण जी पिशवी लावतो ती तिथून आली. घरच्यांनी नाक मुरडलं की पेशंट जेवण कमी करतो, पिशवी भरू नये म्हणून, आणि वजन उतरतं, मी हे डोळ्यांनी बघितलंय. मुंबईत टाटा मेमोरियलला स्टोमा क्लिनिक आहे, ओस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्थाही मुंबईत आहे, आधी यातून गेलेल्या माणसाशी एकदा बोलणं झालं तर पेशंटचा चेहरा बदलतो.

पिशवी कधी निघणार? सगळं सुरळीत असेल तर साधारण ८ ते १२ आठवड्यांनी. ऑपरेशननंतर किमो असेल तर बहुतेक ठिकाणी किमो संपेपर्यंत थांबतात, मग पाच-सहा महिने किंवा जास्तही जातात. हल्ली बऱ्याच पेशंटांना लाइट आणि किमो दोन्ही ऑपरेशनच्या आधीच पूर्ण देतात, त्यांची बंद करायची वेळ लवकर येऊ शकते. बंद करायच्या आधी डॉक्टर बोटाने जोड तपासतात, दुर्बिणीने बघतात, बऱ्याचदा खालून औषध सोडून एक्स-रे किंवा सीटी काढतात, कुठे गळतंय का, आकसलंय का. हे ऑपरेशन लहान म्हणतात पण ते ऑपरेशनच आहे, आतडं काही दिवस सुस्त पडू शकतं, जखमेत पू होऊ शकतो, पुढे त्या जागी हर्निया होऊ शकतो. आणि काही जणांची तात्पुरती म्हणून दिलेली पिशवी बंद होतच नाही, जोड भरला नाही, आजार परत आला, तब्येतच साथ देईना अशी कारणं असतात. वर सांगितलेले १४ टक्के आठवा. हे ऑपरेशनच्या आधी ऐकायला कुणालाच आवडत नाही, पण नंतर अचानक कळण्यापेक्षा बरं.

पिशवी निघाली की सगळे पेढे वाटतात, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी फोन येतो की बाबा संडासातून बाहेरच येत नाहीत. साठवणारा गुदाशयच काढलाय, त्यामुळे थोडं थोडं, दिवसात दहा-पंधरा वेळा, एकदा जाऊन आलं की दहा मिनिटांत परत, घाई अशी की पोचेपर्यंत धीर नाही, वारा की शौच तेही कळत नाही. याला लार्स म्हणतात. खाली जोड झालेल्या दर दहा जणांत साधारण चौघांना हा त्रास जोरात होतो, लाइट दिलेले असतील किंवा जोड फार खाली असेल तर जास्त. ऑपरेशन बिघडलं असा याचा अर्थ नसतो. डॅनिश डॉक्टरांनी २०१२ मध्ये यासाठी पाच प्रश्नांचा स्कोअर बनवला, ० ते ४२, ३० किंवा त्याहून जास्त आला की त्रास मोठा. तो स्कोअर दर भेटीला भरून घ्या, नाहीतर पाच मिनिटांच्या ओपीडीत "आता बरं आहे" म्हणून पेशंट उठतो आणि घरी येऊन परत संडासात बसतो.

पहिल्या वर्षात हे बरंच कमी होतं, दीड-दोन वर्षांपर्यंत फरक पडत राहतो. तोवर हातावर हात ठेवून बसायचं नाही. इसबगोल आणि लोपेरामाइड डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या प्रमाणात, गुदद्वाराचे स्नायू आवळायचे-सोडायचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून, तेही शक्य असेल तर पिशवी निघायच्या आधीपासूनच, खालच्या कातडीला झिंक ऑक्साइडचं मलम, कागदाऐवजी पाणी. तेवढ्याने भागलं नाही तर खालून कोमट पाणी सोडून आतडं एकदाच रिकामं करायची पद्धत आहे, शिकवून घेतली की पेशंट घरी करतो आणि पुढचे बरेच तास मोकळा असतो. काही केंद्रांत कंबरेच्या नसेला करंट देणारं यंत्रही बसवतात. लघवीला त्रास, पुरुषांना ताठरता न येणं, बायकांना संबंधाच्या वेळी दुखणं, हेही या ऑपरेशननंतर होतं कारण नसा तिथूनच जातात, लाजून सांगितलं नाही तर डॉक्टर स्वतःहून विचारतीलच असं नाही, आणि यावरही उपचार आहेत. आणि हे सगळं करून दोन वर्षांनीही ज्यांना संडासाच्या दारापासून लांब जाता येत नाही, त्यातले काही जण विचार करून कायमची कोलोस्टोमी मागून घेतात, आणि त्यानंतर परत कामावर जायला लागलेले, एसटीने गावाला जायला लागलेले पेशंट मला माहीत आहेत, म्हणून तो पर्यायही डॉक्टरांपुढे काढायला संकोच करू नका.